विमान ओढायच्या ट्रॅक्टरची किल्ली

एकोपा टिकवायचा तर नुसत्या विश्वासावर भागत नाही. त्याला फॉर्म लागतो. टेक्सासातल्या त्या संयुक्त राखीव हवाई तळाने हे फार आधी ओळखलं. तिथे हवाई दल, नौदल, मरीन आणि नॅशनल गार्ड अशा चौघांच्या राखीव तुकड्या एकाच धावपट्टीवर गुण्यागोविंदाने नांदतात. (महिन्यातून एकच शनिवार-रविवार. तोही प्रत्येकाचा वेगळा असला तर सोन्याहून पिवळं.) एरवी ही मंडळी विमा विकतात, दात काढतात, कोड लिहितात.

शंतनू गर्गे कोड लिहिणाऱ्यांपैकी. मूळचा नागपूरचा, आता अर्विंगचा, आणि महिन्यातून दोन दिवस हवाई दलाचा सार्जंट. त्या शनिवारी त्याचं मागणं एकच होतं: चार वाजता लेकीच्या, अनिकाच्या, गाण्याला हजर राहायचं. आधीचे दोन कार्यक्रम त्याने चुकवले होते, आणि या वेळी बापडा 'प्रॉमिस' देऊन बसला होता. दुपारी एकला काम आटोपलं. विमान तेवढं हँगरमध्ये ओढून ठेवलं की सुटी.

आता, विमान ओढायचा ट्रॅक्टर तळावर एकच. तो चौघांच्या मालकीचा, म्हणजे कोणाच्याच नाही. किल्ली दरमहा आळीपाळीने एकेकाकडे. या महिन्यात ती नौदलाच्या जय सबनीसकडे होती. शंतनूला हायसं वाटलं. जय सोमवार ते शुक्रवार ऑफिसात त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसतो आणि त्याच्या डब्यातली भरली वांगी न विचारता खातो.

"जय, किल्ली दे ना यार. अनिकाचं गाणं आहे."

"सार्जंट, फॉर्म भरा. चार प्रती, चार सह्या," जय म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मी पण येतोय रे गाण्याला. वहिनींनी बोलावलंय."

तीन सह्या चाळीस मिनिटांत झाल्या (तळाचा विक्रम). चौथी नॅशनल गार्डची, आणि त्यांचा शनिवार पुढच्या आठवड्यात. तोवर थांबायला नियमांची काहीच हरकत नव्हती. तीनला नौदलाची सुटी झाली. जयने ट्रॅक्टर पुसून शंतनूच्याच हँगरसमोर उभा केला, किल्ली कपाटात कुलूपबंद केली आणि गेला. साडेपाचला वरिष्ठांनी तोडगा काढला: विमान मुद्दामच बाहेर ठेवलं आहे, उघड्यावरच्या देखभालीचा सराव म्हणून. सराव यशस्वी झाल्याची नोंदही लगेच झाली.

शंतनू हॉलवर पोचला तेव्हा खुर्च्या आवरणं चाललं होतं. त्याच्यासाठी पहिल्या रांगेत धरलेल्या जागेवर जय बसला होता म्हणे, आणि टाळ्याही त्याने मनापासून वाजवल्या.

"जय काका वॉज ऑन टाइम, बाबा," अनिका म्हणाली आणि गाडीत मागे जाऊन बसली. 

 शंतनूला राग आला, आणि जय नियमाने बरोबर होता याचा जास्त आला. पण ठेच लागली की माणूस शहाणा होतो. पुढच्या महिन्यात किल्ली हवाई दलाकडे येते, आणि दोघांच्या ड्युटीच्या शनिवारीच जयच्या मुलाची, नकुलची, मुंज आहे. सोमवारी जय शेजारी बसून वांगी खात असताना शंतनूने कोऱ्या फॉर्मच्या चार प्रती छापून ठेवल्या.

वाचकहो, या दोघांचा राग आला असेल तर जरा बेताने. तुमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागायला खालच्या मजल्यावरची मुलं दारात आली, तेव्हा किल्ली तुमच्याच कपाटात होती. आणि "सेक्रेटरी गावाला गेलेत" असं तुम्हीच म्हणालात ना?