वेल्ह्याच्या वैनी

माझी बदली वेल्ह्याच्या कचेरीत झाली. पहिल्याच दुपारी एसटी थांब्याजवळच्या खानावळीत पाटावर बसलो, तर ताट पुढ्यात ठेवण्याआधी मालकीणबाईंनी विचारलं, "तुमच्यात आजीला काय म्हंत्यात?"

नाव नाही, गाव नाही, पगार किती तेही नाही. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि ताट बाईंच्या हातात होतं, म्हणून मी मुकाट्यानं उत्तर दिलं. मी किकवीचा. आमच्याकडं बाप जिला आई म्हणतो तिला पोरंही आईच म्हणतात.

"आजीला आई म्हणतो," मी म्हणालो.

"मंग आईला?"

"अक्का. काका, आत्या सगळे तिला अक्का म्हणायचे. आम्हीही तेच शिकलो."

बाईंनी ताट माझ्यापुढं ठेवलं. मग "आपलंच मानूस हाय," असं चुलीकडं तोंड करून म्हणाल्या आणि न मागता नाचणीची आणखी एक भाकरी माझ्या ताटात आली.

बाईंचं नाव हौसाबाई, पण ते फक्त मतदार यादीला माहीत असावं. सगळं वेल्हं त्यांना वैनी म्हणायचं. सत्तरीतले म्हातारे वैनी म्हणत, त्यांचे नातूही वैनीच म्हणत. मुक्कामाच्या एसटीचा ड्रायव्हर कापूरहोळला गाडीत बसतानाच म्हणायचा, "आज वैनींच्यात काय कालवण असंल?" त्यांचे मालक खुशाबा फार कमी बोलायचे. सरपण फोडायचं, पाणी भरायचं आणि गिऱ्हाईक आलं की पाट मांडायचे, एवढंच त्यांचं बोलणं.

गंमत पुढंच होती. वैनी गिऱ्हाइकाला त्याच्या नावानं कधी ओळखत नसत. आजीच्या नावानं ओळखत. आमच्या कचेरीतला खानदेशकडचा कारकून त्यांच्या लेखी 'मोठी माय' होता. महाडाकडचे मास्तर 'बय' होते. आणि सांगलीकडचे हवालदार, ज्यांच्या मिशा बघून बाजारातली पोरं रस्ता सोडायची, ते 'आऊ' होते.

"आऊ जेवून गेलं का वो?"

"मोठ्या मायला ठेचा वाढू नगा, त्येंचं पोट बिगाडलंय."

असं चारचौघांत चालायचं. एकदा हवालदारांचे वरिष्ठ तपासणीला आले आणि जेवायला बसले. हवालदार दाराशी ताठ उभे. वैनी आतून ओरडल्या, "आऊ, उबं काय ऱ्हायलाय, सायबाला पानी द्या की!" साहेबांनी मान वर करून आऊ कोण ते शोधलं. हवालदारांनी तांब्या उचलला. काय करतात बिचारे, संध्याकाळी जेवायला तिथंच यायचं होतं.

वैनींची मतंही ठरलेली होती. "आऊ म्हन्नाऱ्या घरात दूद-दुभतं आसतं. बय म्हन्नाऱ्या घरातली मानसं हसरी. पर ज्या घरात 'अहो आजी' म्हंत्यात ना, तितं भांडान दारात येत न्हाई आन् मानूसबी येत न्हाई." पुण्याचे एक ओव्हरसियर हे ऐकून दोन दिवस रुसून किराणा दुकानातले चुरमुरे खात होते.

हे वेड म्हणजे बाईंची करमणूक, असं मीही पुष्कळ दिवस समजत होतो. एका दुपारी खानावळ रिकामी होती. वैनी सूप घेऊन नाचणी पाखडत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "वैनी, तुमच्यात आजीला काय म्हणतात?"

सूप थांबलं.

"आई," त्या म्हणाल्या. "तुमच्यावानीच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या थोरली सून म्हणून या घरात आल्या तेव्हा तीन दीर लहान होते. ते वैनी म्हणायचे. बबन झाला, बोलू लागला, तोही वैनी म्हणू लागला. आई म्हणायची ती सासूला. "सासू लई चांगली हुती," वैनी म्हणाल्या. "तिची काय चुकी न्हाई. समदं घर तिला आई म्हनायचं, मंग पोरानं दुसरं काय म्हनावं? मला पयलं पयलं लई लागायचं. बाजारात कुनाचं बी पोर आई म्हनून वराडलं का मी मागं बगायची. मंग म्या म्हनलं, आसू दे. सासूकडनं सुनंकडं किल्ल्या येत्यात तशी हाकबी पाळीनं येती. आता सासू न्हाई. बबनच्या लेकरांनी मला आई म्हनावं, मंग माजं काय मागनं न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वैनींचा पहिला प्रश्न नुसता आडोसा होता. त्यांना विचारायचा असायचा तो दुसरा, "मंग आईला?" जगात आपल्यासारख्या किती आहेत, एवढंच बाई चाचपून बघत होत्या.

बबन पिंपरीला कारखान्यात होता. बायको सुमन पुण्यात वाढलेली, गुणी मुलगी. त्या वर्षी त्यांची खोली सुटली आणि दुसरी मिळेपर्यंत सुमन लेकीला घेऊन वेल्ह्याला राहायला आली. पोर दुडूदुडू चालायची, चार शब्द बोलायची. सुमन आल्यापासून तिला शिकवत होती, स्वतःकडं बोट करून, "मी कोण? आई." शहरात तसंच असतं. पण पोरीनं अजून तो शब्द उचलला नव्हता. उलट बापाचं आणि गावाचं ऐकून तिनं आजीलाच हाक मारली, "वैनी!"

खानावळ हसून लोटपोट झाली. वैनीही हसल्या, आणि मग घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

आमच्याच्यानं ते बघवेना. हवालदार म्हणाले, "हा हक्काचा मामला आहे." इथल्या रीतीनं आई म्हणजे आजी, आणि ती जागा रिकामी, मग अडलंय कुठं? झालं, आमची शाळा सुरू झाली. सुमन आत असली की हवालदार टोपी काढून पोरीपुढं उकिडवे बसायचे, वैनींकडं बोट दाखवायचे आणि मिशा आवरून म्हणायचे, "म्हण, आऽऽई." मोठी माय गूळ द्यायचे. मास्तर उच्चार तपासायचे. पोर गूळ खायची आणि गप्प बसायची.

आठवडी बाजाराचा दिवस होता. पंगत भरली होती. पोर मागच्या अंगणात खुडूक कोंबडीच्या मागं लागली होती. कोंबडी उलटून अंगावर आली असणार. पोर किंचाळत आत आली, आमच्या ताटांमधून वाट काढत थेट चुलीपाशी गेली आणि वैनींच्या पदरात तोंड खुपसून ओरडली, "आई!"

आमचे घास हातात राहिले. वैनींनी पोरीला उराशी धरलं आणि डोळे मिटले. इतक्या वर्षांचं मागणं पुरं झालं होतं. आमच्यापैकी कुणाला त्यांच्याकडं बघायचा धीर होईना.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा माजघराच्या दारात सुमन उभी होती. लेकीचा आवाज ऐकून तीही धावली होती. पुढं केलेले हात तसेच राहिले होते. परक्या पुरुषांपुढं, सासूच्या घरात, ती काय बोलणार? तिनं हात खाली घेतले.

वैनी उठल्या. पोरीला तिच्या कडेवर दिली आणि म्हणाल्या, "आई ही हाय, बाळे. ही. मी तुजी आज्जी."

तव्यावरची भाकरी करपून धूर झाला होता.

"वैनी," हवालदार हळूच म्हणाले, "हक्क तुमचा होता की ओ."

"हुता की. पर आऊ, म्या ह्याच दारात आशीच हुबी ऱ्हायलीया. तितं आनीक कुनाला हुबी करू?"

आमची शाळा त्या दिवशी सुटली ती सुटलीच.

शनिवारी संध्याकाळी बबन आला. सुमननं सांगितलं असणार. हातपाय न धुता तो तडक चुलीपाशी जाऊन बसला. आम्ही तिघं-चौघं जेवत होतो, पण त्याला आमचं भान नव्हतं. त्यानं वैनींकडं बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मिशी फुटलेला बाप्या, पण एवढा एक शब्द त्याच्या जिभेवर येईना. कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि डोळ्यांत पाणी आलं.

"आरं येड्या, कशाला जीब पिळतुयास?" वैनी म्हणाल्या. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसून त्याच्या डोक्यावर ठेवला. "रांगत यायचास आन् 'वैनी, वैनी' करून रडायचास. त्याच हाकंला मला पान्हा फुटायचा. आता दुसऱ्या नावानं हाक मारलीस, तर मला वळखू तरी यील का, माजंच लेकरू हाय म्हनून?"

बबननं बाहीनं डोळे पुसले. खुशाबांनी त्याच्यासाठी पाट मांडला.

"वाढ मग," तो म्हणाला. "लई भूक लागलीया, वैनी."