लायसन्स येईपर्यंत गप्प!

“घर विकणं म्हणजे काय अवघड आहे हो? दार उघडायचं आणि बोलत सुटायचं! बाकीचं काम जीभ करते!”

परीक्षेचा निकाल लागल्यापासून रेडिओराव भेटेल त्याला हेच ऐकवत होते. रेडिओराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. मिक्सरच्या दुकानात विक्रेते होते तेव्हा ते चिकटलं. एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण कुठे आहे, हे खुद्द दुकानाच्या मालकालाही कधी सापडलं नाही. नुसता दिवा घ्यायला आलेला माणूस मिक्सर घेऊन जायचा, आणि सुटलो एकदाचा म्हणून खुशीत जायचा.

पुढे ते दुकानच बंद पडलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण नोकरी देतो? शेवटी बायकोची थोरली बहीण धावून आली. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का म्हणजे लायसन्स असलेल्या ब्रोकर. घरांच्या खरेदी-विक्रीचं त्यांचं स्वतःचं ऑफिस. नाकावर चष्मा आणि जिभेवर कायम कुठलातरी नियम.

“भावजी,” अक्कांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “आधी अभ्यास, मग परीक्षा, मग लायसन्स, आणि मग तोंड. हा क्रम चुकला तर तुमचा अर्ज बाद होईल आणि माझ्या लायसन्सवर गदा येईल.”

रेडिओराव अभ्यासाला बसले. घरात मोठमोठ्याने पाठांतर सुरू झालं. ग्राहकाशी प्रामाणिकपणा, घरातले दोष सांगण्याची जबाबदारी, दिशाभुलीचे प्रकार! बायकोला भाजी चिरता चिरता अर्धा कायदा पाठ झाला. परीक्षेत ते चांगल्या मार्कांनी पास झाले, अर्ज परवाना कार्यालयात गेला आणि तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर निवांत फिरू लागला. लायसन्स आलं की कायमची नोकरी. नाही आलं तर रेडिओरावांनी घरी बसायचं. तसं झालं तर आपण स्वतः नोकरी धरू, कसलीही चालेल पण घराबाहेरची पाहिजे, असं बायकोने आधीच जाहीर करून टाकलं होतं.

अशात एक रविवार उजाडला. दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं बैठं घर विकायला होतं. त्या दिवशी ते सगळ्यांना बघायला खुलं ठेवायचं ठरलं होतं. डॉक्टर मुलीकडे गेलेले, आणि अक्कांना ऐन वेळी एका कराराच्या सह्यांसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं.

“मी तासाभरात येते,” रेडिओरावांच्या घरी येऊन किल्ली देताना अक्का म्हणाल्या. “नीट ऐका. लायसन्स नसलेल्या माणसाने दार उघडावं, दिवे लावावेत, छापील कागद हातात द्यावा. संपलं! घराबद्दल आणि किमतीबद्दल ब्र काढायचा नाही.”

“आणि कोणी काही विचारलं तर?”

“अक्का येतील, एवढंच म्हणायचं.”

“एवढंच?”

“एवढंच! जमेल ना?”

“अक्का, परीक्षा पास झालोय मी! तासभर गप्प बसायचं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ आहे!”

हे ऐकून बायको एवढी हसली, की तिला पाणी प्यावं लागलं.

पहिली आली ती एक नर्स आणि तिचा नवरा. दोघांचं नवीन लग्न झालेलं, भाड्याच्या एका खोलीला कंटाळलेले. दारातूनच नर्सचे डोळे चमकले. रेडिओरावांनी दिवे लावले, कागद दिला आणि ओठ घट्ट मिटले.

“किती छान उजेड आहे!” नर्स म्हणाली. “दुपारीपण असाच असतो का हो?”

रेडिओरावांच्या घशात या प्रश्नाचं उत्तर, त्याला जोडून सूर्याच्या दिशेवर एक छोटं भाषण आणि एक विनोद असं सगळं रांगेत उभं होतं. त्यांनी ते गिळलं. “अक्का येतील.”

“अं? बरं. पाणी कसं आहे?”

“अक्का येतील.”

“शेजारी कोण राहतं?”

“अक्का येतील!” हे जरा रडवेल्या आवाजात आलं.

अगदीच तुटक वागणं बरं दिसेना, म्हणून रेडिओरावांनी नियमात बसेल असा विषय काढायचं ठरवलं. “आज हवा छान आहे, नाही?”

“हो ना! या घरात हवा खेळती आहे का?”

रेडिओरावांनी जीभ चावली. मग त्यांनी तब्येतीचा विषय काढला. तर नर्सच्या नवऱ्याला गुडघेदुखी, आणि घराला पायऱ्या किती हा त्याचा पुढचा प्रश्न! रहदारीचा काढला, तर इथून बस कुठे मिळते? कुठल्याही विषयाची वाट फिरून फिरून त्याच घराच्या दारात यायची. शेवटी त्यांनी हात टेकले आणि तोंडावर रुमाल धरून कोपऱ्यात उभे राहिले.

तेवढ्यात कापडाचे एक व्यापारी आत आले. मोठं पोट, बारीक डोळे. येतानाच त्यांनी भिंतीचा रंग चिमटीत धरून पाहिला, जणू ठाणातलं कापडच! “काय हो, किंमत कमी-जास्त होईल ना?”

रेडिओरावांनी कागद हातात दिला आणि मान खाली घातली. उगाच डोळ्यांतून काही निसटायला नको!

“यांचा घसा बसलाय वाटतं,” नर्सला दया आली. तिने पर्समधून छोटी बॅटरी काढली. “आ करा बघू.”

नर्सने आ करा म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? रेडिओरावांनी आ केला. नर्सने आत उजेड टाकला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “घसा तर ठणठणीत आहे!”

“मग बोलत का नाहीत?” व्यापाऱ्यांचे बारीक डोळे आणखी बारीक झाले. त्यांनी नर्सच्या नवऱ्याला बाजूला घेतलं. “अहो, हयात गेली माझी धंद्यात. दुकानदार मालाची तारीफ कधी करत नाही? जेव्हा तो माल दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवलेला असतो तेव्हा! काहीतरी पाणी मुरतंय. त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?”

“अक्का येतील, एवढंच म्हणतात.”

“बघा! म्हणजे अक्का नावाचं कोणीतरी बडं गिऱ्हाईक आहे. तिच्यासाठी आपल्याला कटवतायत!” व्यापारी तरातरा रेडिओरावांसमोर येऊन उभे राहिले. “अक्कांना या घरात एवढा रस का हो? रस्ता मोठा होणार आहे?”

रेडिओरावांनी रुमाल पुन्हा तोंडावर घट्ट धरला.

“की स्टेशन येणार आहे इथे?”

या प्रश्नाने रेडिओराव इतके चकित झाले, की त्यांचे डोळे मोठे झाले. नुसते डोळेच मोठे झाले, पण व्यापाऱ्यांना तेवढं पुरलं.

“स्टेशन!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “सापडलं! छापलेल्या किमतीपेक्षा मी जास्त देतो. आत्ता!”

नर्सचा चेहरा उतरला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, “आम्हीसुद्धा थोडे वाढवतो.”

“मी आणखी वाढवतो!”

“आम्ही... आम्ही माझी मोटारसायकल विकू!” नवरा म्हणाला.

“आणि माझ्या बांगड्या!” नर्सने मनगट पुढे केलं.

खोलीच्या मध्यभागी रेडिओराव खांबासारखे उभे होते आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता. कारण नेमका त्याच वेळी त्यांना परीक्षेतला एक प्रश्न आठवला. ग्राहकाचा गैरसमज होत असताना गप्प बसणे म्हणजे काय? आणि त्याचं उत्तरही आठवलं, कारण त्याला त्यांना पूर्ण मार्क पडले होते. गप्प बसणे म्हणजे फसवणूक!

आता आली का पंचाईत! बोलावं तर लायसन्स नाही. न बोलावं तर फसवणूक. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एक माणूस आपली मोटारसायकल विकायला निघालेला! ती पोर बांगड्या चाचपत होती. रेडिओरावांना खरंच गलबलून आलं. मिक्सर विकताना असं कधी झालं नव्हतं. त्यांनी रुमाल बाजूला केला.

“स्टेशन-बिशन काही नाही हो इथे!”

धरण एकदा फुटल्यावर ते थोडंच एका वाक्यावर थांबतं? “अक्का म्हणजे गिऱ्हाईक नाही, माझी मेहुणी आहे! ब्रोकर आहे ती! आणि मागच्या भिंतीला ओल येते! स्वयंपाकघरातला नळ सोडला की शिट्टी वाजवतो! शेजारचे पोस्टमास्तर निवृत्त झाल्यापासून ट्रम्पेट शिकतायत, आणि त्यांना ते येत नाही! कागदाच्या मागच्या बाजूला हे सगळं छापलंय, पण तो उलटून बघतो कोण? ताई, बांगड्या विकू नका!”

व्यापाऱ्यांनी हातातल्या कागदाने वारा घेणं थांबवलं.

“तुमचं लायसन्स दाखवा.”

“ते... अजून आलेलं नाही.”

“वा!” व्यापारी खदाखदा हसले. “मग तुमच्या बोलण्याला किंमत ती काय? आतापर्यंत मला शंका होती, आता खात्री झाली. बिनलायसन्सचा माणूस सांगतो स्टेशन येणार नाही, म्हणजे स्टेशन येणारच! मी आणखी वाढवतो!”

रेडिओरावांनी कपाळावर हात मारला. ‘या मिक्सरचा आवाजच होत नाही’ असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आणि लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. आज आयुष्यात पहिल्यांदा अक्षर न् अक्षर खरं बोलले, तर ही गत!

नशिबाने त्याच क्षणी अक्का दारात उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “मी लायसन्स असलेली ब्रोकर आहे. इथे स्टेशन येणार असल्याची कसलीही माहिती माझ्याकडे नाही. भिंतीला ओल येते, नळ वाजतो, ट्रम्पेटही वाजतं.”

तीच वाक्यं! पण यावेळी व्यापाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. सगळ्यांसमोर फजिती झाली होती ना! “मी तक्रार करणार!” ते रेडिओरावांकडे बोट रोखून ओरडले. “लायसन्स नसताना हा माणूस घराबद्दल बोलला! घडाघडा बोलला!” आणि पाय आपटत निघून गेले.

नर्स आणि तिचा नवरा मात्र तिथेच थांबले. दोघांनी नळ सोडून पाहिला. त्याने शिट्टी वाजवली. नवरा हसला. नर्स अक्कांना म्हणाली, “आम्ही घेतो. छापलेल्या किमतीला. ज्या माणसाने ट्रम्पेटसुद्धा लपवलं नाही, त्याने आणखी काय लपवलं असणार?”

पहिली विक्री! रेडिओरावांना आकाश ठेंगणं झालं. आठवडाभर त्यांनी ही गोष्ट शेजारी, दूधवाला, इस्त्रीवाला अशा सगळ्यांना सांगितली, आणि दर वेळी ती थोडी लांबली. आठवडा संपला तेव्हा परवाना कार्यालयातून बोलावणं आलं. व्यापाऱ्यांनी तक्रार खरोखरच केली होती.

“भावजी,” कार्यालयाच्या जिन्यात अक्कांनी त्यांना थांबवलं, “प्रश्न एकच आहे. तुम्ही लायसन्स नसताना दलाली केलीत का? केली असेल तर तुमचा अर्ज गेला, आणि मीही तुमच्याबरोबर घरी बसले. विचारतील तेवढंच सांगा.”

अधिकारी बाई गंभीर होत्या. त्यांनी तक्रार वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

“घर चांगलं आहे, असं म्हणालात?”

“नाही बाई. ओल येते म्हणालो.”

“किंमत योग्य आहे, असं?”

“नाही. बांगड्या विकू नका म्हणालो.”

“घ्या, असा आग्रह केलात?”

“छे! ट्रम्पेटचं सांगितलं.”

“आणि तक्रारदार जास्त पैसे देत होते, ते तुमच्या बोलण्यानंतर निघून गेले?”

“अक्कांच्या बोलण्यानंतर. पण सुरुवात माझी.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “बरं. मग त्या जोडप्याने घर घेतलं ते कशामुळे? तुमच्यामुळे?”

झालं! रेडिओराव खुर्चीत ताठ झाले. छाती फुगली. ज्या एका वाक्यासाठी त्यांनी आठवडाभर अख्खी गल्ली जागी ठेवली होती, ते वाक्य ओठांवर येऊन उभं राहिलं. शेजारी अक्कांनी डोळे मिटून घेतले.

रेडिओरावांनी श्वास घेतला. सोडला. परत घेतला.

“मी त्यांना ते घर विकलं नाही, बाई,” ते कसंबसं म्हणाले. “ते न घेण्याची जेवढी कारणं मला ठाऊक होती, तेवढी सगळी सांगितली.”

“तेच म्हणते मी,” बाईंनी फाईलवर शिक्का मारला. “यांनी जे काही केलं, त्याला कुठल्याही अर्थाने दलाली म्हणता येणार नाही. त्यासाठी लायसन्सची गरजच नव्हती. तक्रार निकाली. हे घ्या तुमचं लायसन्स, आणि आता तरी नीट शिकून घ्या.”

संध्याकाळी रेडिओराव घरी आले, लायसन्स टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. बायको आनंदाने धावत बाहेर आली. “अहो, मिळालं! काय झालं तिथे? सांगा ना, अगदी पहिल्यापासून सांगा!”

“विशेष काही नाही,” रेडिओराव म्हणाले.

बायकोने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.