विलायतेची पाठराखीण

आमच्या निरगुडसरची लेक कुठल्याही घरात दिलेली असो, तिथल्या पहिल्या पंगतीत ठकूआत्यानं तिसऱ्यांदा आमटी मागितली नाही असं कधी झालं नाही. नवरी मान खाली घालून बसलेली, सासरची माणसं कौतुकानं तिच्याकडे बघतायत, आणि शेजारी मांडी ठोकून बसलेली आमची आत्या खड्या आवाजात सांगतेय, "इहीणबाई, आमटी लई झ्याक झालीया. आना हिकडं! आन् आलाच हात तर हिच्या बी ताटात पडू द्या वाईच!"

सोबत गेलेल्या आमच्या पुरुषांना अशा वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. येडगावच्या व्याह्यांनी तर एकदा आमच्या सरपंचांना बाजूला घेऊन, "तुमच्याकडं औंदा पाऊस बरा झाला न्हाई का?" अशी चौकशी केली होती.

नवरीबरोबर माहेरची एक बाई सासरी जाते आणि पहिले चार दिवस तिच्या सोबतीला राहते, तिला पाठराखीण म्हणतात. इतर गावांत नवरीची धाकटी बहीण नाहीतर मामेबहीण हौसेनं जाते. आमच्याकडे हे काम ठकूआत्याकडे कायमचं होतं. वाण्याची पोरगी असो, पाटलाची असो की तांबोळ्यांची शबाना असो, लग्न ठरलं की आत्या आपली पिशवी भरायला घ्यायची. अंगानं काडी. एवढं खाल्लेलं जातं कुठं, याचा शोध गावातल्या एकाही शहाण्याला लागला नव्हता. बरं, घरी भावजयीच्या हातचं ती चिमणीएवढं खायची. त्यामुळे गावानं निकाल देऊन टाकला की म्हातारीला फुकटचं गोड लागतं.

नात्यानं ती माझ्या वडिलांची चुलतबहीण, पण आत्या साऱ्या गावाची. तिचं स्वतःचं लग्न निमगाव सावाला झालं होतं. आठवड्याच्या आत ती माहेरी परत आली आणि पुन्हा कधी गेली नाही. का आली, ते तिनं सांगितलं नाही. मग गावानं आपल्या सोयीनं कारणं ठरवली. कुणी म्हणे नवरा पीत होता, कुणी म्हणे सासू डाग देत होती. एवढ्या वर्षांत ती कारणं इतकी पक्की झाली होती की खरं कारण कुणाला लागतच नव्हतं.

"पैले चार दिस निभले की जलम निभला," हे तिचं लाडकं वाक्य. लग्नात, बारशात, नव्या म्हशीला दावणीला बांधताना, कुठेही ती ते बोलायची. म्हशीच्या बाबतीत ते खरंही ठरायचं.

नव्वदनंतर गावातली पोरं शिकायला पुण्याला जायला लागली आणि आत्याच्या कामाला नवी शाखा फुटली. सुताराचा दत्ता इंजिनियरिंगच्या होस्टेलला निघाला तेव्हा ती आपण होऊन एसटीत त्याच्या शेजारी जाऊन बसली. होस्टेलवर बाईमाणसाला राहू देईनात, तर तिनं फाटकासमोरच्या देवळात मुक्काम टाकला आणि दोन वेळा मेसमध्ये दत्ताच्या शेजारी बसून जेवली. तिसऱ्या चपातीला मेसवाल्यानं विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या वर्षाला?"

"पैल्याच," आत्या म्हणाली. "आन् ह्यो बी. ह्याला वाढा आदी."

अशा या बाईच्या तावडीत २००३ साली माझी मुलगी सापडली. वैशालीला इंग्लंडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. विषय होता शेतमालाची साठवण. हे ऐकून आत्या म्हणाली, "कांदा चाळीत ठेवायचं शिकायला विलायतेला?" पण दुसऱ्याच मिनिटाला तिनं विचारलं, "मला कोन्ती कागदं लागतील?"

मी हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. विलायतेबद्दल गावात कुणाला काही कळत असेल तर ते मला, असा माझा समज होता. मी तिला पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट सगळं समजावून सांगितलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाठराखनीला तिकीट लागत न्हाई, मास्तर. ती मानाची असती."

विद्यापीठानं परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका पाठवली होती. निघण्यापूर्वी काय करावं, उतरल्यावर काय करावं, सगळं त्यात बयाजवार दिलेलं. मी रोज संध्याकाळी ओटीवर बसून ती मराठीत सांगायचो. वैशू ऐकायची, माझी बायको मंदा शेंगा फोडत ऐकायची, आणि आत्या ऐकता ऐकता खोडून काढायची.

"महत्त्वाची कागदपत्रं मोठ्या बॅगेत न ठेवता स्वतःजवळ ठेवावीत," मी वाचलं.

"ह्यात काय नवं? मंगळसूत्र कुनी ट्रंकेत ठेवतं का?"

"विमानतळावर विद्यापीठाची बस न्यायला येईल."

"पाहुनं सोता येत न्हाईत? बस धाडत्यात?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू स्थळ मीच जुळवलं होतं.

"होस्टेलची खोली तयार होईपर्यंत पहिला आठवडा विद्यार्थ्यांची सोय गावातल्या एखाद्या कुटुंबात केली जाईल."

इथे मात्र आत्या सरसावून बसली. कुटुंब म्हटल्यावर विषय तिच्या हातात आला. घरात कोण कोण आहे? पुस्तिकेसोबतच्या पत्रात लिहिलं होतं, म्हातारा-म्हातारी दोघंच. लेकी-सुना नाहीत? नाहीत. मग चूल कोणाची? म्हातारीची. आत्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून वैशूची शिकवणी सुरू केली. गेल्या गेल्या मोरी कुठं ते बघून ठेवायचं. पहाटे त्यांच्या आधी उठायचं, पण भांडी वाजवायची नाहीत. रडू आलं तर तोंड धुवायला जायचं, म्हणजे दोन्ही कामं होतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ताटावर बसल्यावर पहिल्यांदा विचारलं की "नको" म्हणायचं.

"का?" वैशूनं विचारलं.

"मान ऱ्हातो पोरी. हावरी म्हनू ने कुनी. दुसऱ्यांदा इचारतील, तवा वाईच घ्यायचं."

याची तालीमसुद्धा झाली. आत्या पळी घेऊन सासू व्हायची, वैशू ताटावर बसायची. "वाढू का?" "नको." "शाबास." मला हे सगळं गावंढळ वाटत होतं, पण शिक्षकाला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, नुसतं 'नको' काय, नीट इंग्रजीत म्हण. 'नो, थँक यू. आय ॲम फुल.' उच्चार मी स्वतः घासूनपुसून घेतला. 'फुल'मधला उ आखूड पाहिजे, हेही सांगितलं. वैशू इतकं झकास म्हणायला लागली की कुणाचाही विश्वास बसावा.

निघायच्या दिवशी जीप भरून माणसं माळशेज घाटानं मुंबईला गेली. आत्या पिशवीसकट पुढच्या सीटवर. मी परोपरीनं सांगितलं होतं, पण विमानतळाच्या दारात ती वैशूच्या मागोमाग सरळ आत निघाली. बंदूकवाल्या शिपायानं हात आडवा घातला. "माताजी, टिकट?"

"मी पाठराखीन हाये."

"टिकट दिखाओ, माताजी."

"आवो, पोरगी एकली चाललीया!" आत्यानं त्याला अशा आवाजात सांगितलं, जणू एवढं कळल्यावर तो हात खाली घेईलच. त्यानं घेतला नाही. काचेपलीकडे वैशू लहान लहान होत गेली. तिनं एकदा वळून पाहिलं, आणि मंदानं पदर तोंडाला लावला. मी पुस्तिकेतलं 'सामानावर लक्ष ठेवा' ओरडून सांगितलं, काचेमुळे ते मलाच ऐकू आलं. परतीच्या वाटेवर आत्या एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, विलायतेची आमटी हुकली म्हणून रुसली असेल.

पोचल्याचा फोन आला. "पोचले, बरी आहे, माणसं चांगली आहेत." त्यानंतर आत्या रोज आमच्याकडे येऊन फोनशेजारी बसायला लागली. निवडायला काही ना काही घेऊन यायची, पण डोळा फोनवर.

चौथ्या दिवशी आमची दुपारची पानं मांडली जात होती, तेव्हा फोन वाजला. मंदानं उचलला आणि तिचा चेहरा उतरला. वैशू हमसून हमसून रडत होती. "आई, मला परत यायचंय. मी तिकीट बदलून घेते. मला नाही राहायचं इथं."

मी रिसीव्हर हिसकावून घेतला. घराची आठवण येणं स्वाभाविक आहे, पुस्तिकेचं पान अकरा बघ, खोलीत एकटं बसू नये, फिरायला जावं, असं सांगायला लागलो. एवढा खर्च, एवढी मेहनत, गावातली पहिली मुलगी, हेही सांगितलं. जितकं सांगत होतो तितकी ती जास्त रडत होती. शेवटी आत्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. मी रिसीव्हरला दुसऱ्या बाजूनं कान लावला.

"जेवलीस का गं?" तिनं विचारलं.

रडणं थांबलं. मग आवाज आला, "नाही."

"कवापासनं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. म्हातारी चांगली होती. रोज भांडं पुढं करून विचारायची. वैशू म्हणायची, 'नो, थँक यू, आय ॲम फुल.' म्हातारी हसून भांडं आत न्यायची. दुसऱ्यांदा कुणी विचारायचंच नाही. सकाळी एक टोस्ट, रात्री पहिल्यांदा ताटात पडेल तेवढं. आणि आपणच नको म्हटल्यावर आता भूक लागली म्हणून सांगायची लाज वाटत होती.

"दुसऱ्यांदा इचारलंच न्हाई?" आत्याचा आवाज एकदम बसला. आयुष्यभर जे शिकवलं त्यातलं अर्धंच तिनं पोरीबरोबर धाडलं होतं. 'नको' नवरीनं म्हणायचं असतं आणि 'वाढा' पाठराखणीनं. ती पाठराखीण तर इथं, आमच्या ओटीवर गहू निवडत बसली होती.

ती भिंतीला टेकून खाली बसली. फोनची वायर ताणली गेली तशी मंदानं फोनच उचलून तिच्याजवळ आणून ठेवला.

"वैशे, ऐक. म्या कुनाला सांगितल्यालं न्हाई. मी निमगावला नांदायला गेले तवा सुगीचे दिस व्हते. बा म्हनला, पाठराखीन कशाला, कामाचं मानूस अडकतंय. म्हनून एकलीच गेले. आयनं सांगितलं व्हतं, नको म्हनायचं. मी नको म्हनले. त्यास्नी वाटलं, पोरीला घास न्हाई जात. रातच्याला पोटात आग पडायची. पाचव्या दिवशी पानी आनायला म्हनून निगाले ती चालत घरी आले. मानसं वंगाळ न्हवती गं. नवरा बी चांगला व्हता. पन मी पळून आले म्हनून त्यास्नी राग आला, आन् काय झालं म्हनून इचारलं तर मी काय सांगनार? भूक लागली म्हनून आले? त्यानी दुसरी केली. कुनी न्यायला आलंच न्हाई."

एवढी वर्षं ती पोरींच्या सासरी जाऊन खायची ते कुणाच्या वाटचं खात होती, ते मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगतो, मला मंदासमोर रडू आलं.

"त्या बाईला हाक मार," आत्या म्हणाली. "तिच्या हातात फोन दे."

"आत्या, तिला मराठी येत नाही!"

"दे म्हनते ना."

थोडी खुडबुड झाली. मग एक बारीक, म्हातारा आवाज आला, "हॅलो?"

आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला. "इहीणबाई, रामराम. मी ठकू, निरगुडसरची. पोरीची पाठराखीन हाये. मला दारातनं आत सोडलं न्हाई म्हनून आले न्हाई, मानपान मनात धरू नका. ती नको म्हनती ते खरं मानू नका. भूक लागलीया तिला. लाजतीया. ताटात घाला, आन् तिच्याकडं बगू नका, दुसरीकडं बगा. म्हंजी खाईल."

"सॉरी, डिअर?" म्हातारी म्हणाली.

मग वैशूचा आवाज आला, जरा लांबून. माझ्या मुलीला शाळेत इंग्रजीत कायम पहिला नंबर होता, पण हे भाषांतर तिला जमेना. "शी सेज..." म्हणून ती थांबली. पुन्हा म्हणाली, "शी सेज..." आणि मग एका दमात, "शी सेज आय ॲम हंग्री. शी सेज आय ॲम शाय. प्लीज डोन्ट लुक ॲट मी."

"ओ, माय डार्लिंग गर्ल!" म्हातारी ओरडली. त्याचं भाषांतर आत्याला कुणी सांगावं लागलं नाही. खुर्ची सरकली, कपाट उघडलं, बशी वाजली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आत्यानं माझ्यावर डोळे वटारले. "गप ऱ्हावा, मास्तर. बसलीया ती जेवायला."

तिनं कानाला फोन तसाच धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आमची पानं निवत होती, पण कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळानं वैशूचा तोंडात घास असलेला आवाज आला, "आत्या, आहेस ना?"

"हाये की. कुटं जानार?" ठकूआत्या म्हणाली. "इचारलं का तिनं दुसऱ्यांदा?"

"हो."

"मंग घे."