राखाडी रंगाची किनार

सोसायटीच्या बागेतल्या वाफ्यांना काँक्रीटची रंगीत किनार घालायची, हे अर्ध्या तासात ठरलं. रंग कोणता, यावर मात्र तीन बैठका झाल्या आणि तिन्ही चहावर संपल्या. पाथर्डी फाट्याजवळची ती इमारत. बिऱ्हाडं बारा आणि सुचवलेले रंग तेरा. चेअरमन धोंडीरामकाका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना किनार सूतभरही वाकडी नको होती आणि रंग तपकिरी हवा होता. सेक्रेटरी हर्षल मोबाईलवर परदेशातल्या बागा दाखवून काळ्यासाठी हटून बसला होता. तळमजल्यावरच्या भागुबाईंना पोपटी पाहिजे होता.

"पोपटी?" हर्षल म्हणाला. "काकू, मग झाड कुठं संपतं आणि किनार कुठं सुरू होते, ते कळायचं कसं?"

"ठेच लागली की कळेल!" भागुबाई म्हणाल्या. "नाहीतर असं करा, प्रतिभाताईंवर सोपवा. त्यांचं ना कुणाशी वाकडं, ना कुणाशी साटंलोटं."

यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. प्रतिभाताई तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नसत, जप पुरा झाल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत, आणि यंदाच्या चातुर्मासात त्यांनी कुणालाही नावं न ठेवण्याचा नेम धरला होता. अशा बाईनं निवडलेल्या रंगाला नाही म्हणायची कुणाची छाती होती?

किनारीचं काम करणारा मोतीराम साबणाच्या वडीएवढे पाच ताजे नमुने घेऊन आला.

"ताई, रंग सिमेंटातच कालवलेला असतो," तो म्हणाला. "एकदा किनार बसली का बसली. नंतर पुसता येत नाय. तवा नीट बघून सांगा."

ताईंनी पाचही तुकडे देवापुढे मांडले, राखाडी निवडला आणि तसं काकांना कळवलं. राखाडी रंगावरून कुणी भांडल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी नेहमीचं काम केलं. घरात येणाऱ्या नव्या वस्तूला त्या हळद लावल्याशिवाय राहत नसत. मिक्सरला लावली होती, सुनेच्या लॅपटॉपलाही लावली होती. त्या राखाडी तुकड्यालाही त्यांनी पाण्यात कालवलेली हळद सढळ हातानं माखली, पांढऱ्या रुमालात गुंडाळला आणि देवघरात ठेवला. सकाळी मोतीराम आला तेव्हा जप चालू होता. त्यांनी रुमाल न सोडताच तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

तासाभरानं त्याचा फोन आला. "ताई, ह्योच ना? नक्की?"

"अगदी हाच. देवापुढे ठेवून ठरवलाय."

"जरा फिका करू का?"

"मुळीच नको. तुकडा जसा आहे, तसाच करा."

"बरं. तुम्ही म्हणता तर तसंच."

ताई दुपारच्या गाडीनं वणीला देवीच्या दर्शनाला गेल्या आणि दोन दिवसांनी परतल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्यांच्या हातातली प्रसादाची पिशवी खाली आली. पूर्ण बागेभोवती, सूतभरही वाकडी न होता, लालभडक किनार धावत होती.

"आम्हाला वाटलं हे अस्तर असेल," धोंडीरामकाका सुन्न होऊन सांगत होते. "वरून राखाडी येईल म्हणून वाट बघत बसलो."

"टोमॅटोचं कॅरेट सांडल्यासारखं दिसतंय!" हर्षल तडकला. "ताई, तुम्ही राखाडीच सांगितला होता ना?"

"राखाडीच," ताई म्हणाल्या. त्यांच्या मते ते सोळा आणे खरं होतं.

सगळे मोतीरामकडे वळले. त्यानं एकदा ताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "झाली आसंल चूक," तो पुटपुटला.

वर गेल्यावर सून निकितानं रुमाल पुढे धरला. "आई, हा मोतीरामदादांनी परत दिलाय. केवढा लाल झालाय! काय सांडलं हो यावर?"

ताईंनी रुमाल उलटसुलट करून पाहिला. सिमेंटात चुना असतो. आणि हळदीला चुना लागला की काय होतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांची आजी घरी कुंकू करायची, ती हळदीला चुना लावूनच.

तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण गेली वीस वर्षं ज्या बाईला विचारून लोक मुहूर्त काढत होते, तिनं सिमेंटाची पूजा केली म्हणून सांगायचं? संध्याकाळच्या बैठकीत काकांनी विचारलं, "ताई, मोतीरामच्या कामाबद्दल तुमचं काय म्हणणं?" आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं, "माझा नेम आहे, मी कुणाला नावं ठेवत नाही."

"बघा!" भागुबाई गहिवरल्या. "याला म्हणतात संस्कार."

ठराव झाला. मोतीरामनं रविवारी सगळी किनार फोडायची आणि पदरचं सिमेंट घालून नवी करायची. वर हर्षल म्हणाला, "आणि तुझं नाव आम्ही आता कुणालाच सुचवणार नाही."

ते दोन दिवस ताईंनी बागेकडची खिडकी उघडली नाही. नेमाची ढाल करून आपण एका गरिबाच्या अब्रूमागे लपलो, हे त्यांना उठता-बसता टोचत होतं. जपमाळेचे मणी पुढे सरकत, पण ओठांवर देवाऐवजी मोतीरामचंच नाव येई.

रविवारी सकाळी घणाचा पहिला घाव ऐकू आला. ताईंनी अर्धी माळ खाली ठेवली आणि पायात चप्पल न घालता त्या जिना उतरल्या.

"थांबा! फोडू नका!" त्यांचा एवढा मोठा आवाज सोसायटीनं पहिल्यांदाच ऐकला. "चूक माझी आहे. मीच त्या तुकड्याला हळद लावली, म्हणून तो लाल झाला. यांनी फक्त मी सांगितलं तसं केलं. आणि मी हे लपवलं."

भागुबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"काय मन आहे हो! दुसऱ्याची चूक स्वतःच्या पदरात घ्यायची!"

"अहो, घेत नाहीये, खरंच मी..."

"पुरे, ताई," धोंडीरामकाकांनी हात जोडले. "हळदीनं कुठं काँक्रीट लाल होतं? मी पस्तीस वर्षं कारखान्यात काढली आहेत. मोतीराम, या माउलीकडे बघून तुला माफ केलं. राहू दे किनार."

"मला रुमाल आणू द्या, दाखवते..." ताई जवळजवळ रडकुंडीला आल्या. पण हर्षल त्यांच्या पाया पडायला वाकला होता, त्यामुळे त्यांना हलताही येईना.

गर्दी पांगली. ताई मोतीरामसमोर उभ्या राहिल्या. मान वर होत नव्हती.

"दादा, तुम्ही तरी विश्वास ठेवा."

"मला पहिल्या दिवशीच कळलं व्हतं," मोतीराम घण पिशवीत घालत म्हणाला. "बारा वर्सं सिमेंटात हात हायेत माझे. रुमाल सोडला तर हळदीचा वास आला."

"मग बोलला का नाहीत? दोन दिवस शिव्या खाल्ल्यात!"

"फोनवर इचारलं तर तुम्ही म्हणला, देवापुढं ठरवलंय. मला वाटलं, नवस आसंल. देवाच्या कामात आपण कशाला बोलायचं? आन् चारचौघांत तुमचं नाव घ्यायचं मला नाय बरं वाटलं."

ताईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. नेम त्यांनी धरला होता, पण पाळला होता यानं.

मोतीराम अवघडला. पिशवी खांद्याला लावून तो दोन पावलं गेला आणि परत वळला.

"ताई, राग नका धरू, येक सांगू? मागच्या आवारातली किनार अजून व्हायची हाय. उद्या नमुने आणतो. तेवढा लांबूनच नमस्कार करा."