स्वीकारलं म्हणा

ओगले सरांनी दिलेली चिक्की नुसती हात पुढे करून खाता येत नाही. आधी ती तोंडाने स्वीकारावी लागते. सर डबा उघडतात, एक वडी उचलतात, तुमच्या तळहातावर ठेवतात आणि थांबतात. वडी तुमच्या हातावर असते, पण सरांची दोन बोटं अजून वडीवर असतात. तुम्ही ‘स्वीकारलं’ म्हणालात की बोटं सुटतात. ‘थँक्यू’ म्हणालात तर वडी परत डब्यात जाते.

“थँक्यू हा शिष्टाचार झाला,” सर म्हणतात. “मी शिष्टाचार विचारला नव्हता. देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने स्वीकारलं नाही, तर दान रद्द. मी उद्या गेलो तर ही वडी कोणाची?”

“सर, ते फक्त जमीनजुमल्याला इतकं कडक आहे,” मी एकदा म्हणाले. “चिक्की जंगम आहे. हातात दिली की झालं.”

“चिक्की जंगम आहे,” सर म्हणाले, “पण सवय स्थावर आहे. स्वीकारलं म्हणा.”

मी म्हणाले. शेंगदाण्याची होती.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या पदव्युत्तर पदविकेचा आमचा वर्ग दर रविवारी लोणावळ्यात भरतो. एका शाळेने सहावी ब ची खोली दिली आहे आणि बाकही सहावीच्याच मापाचे आहेत. तळेगाव, वडगाव, कामशेतहून आलेले वकील, ज्यांच्यासमोर आठवडाभर पक्षकार हात जोडून उभे असतात, ते रविवारी गुडघे हनुवटीशी घेऊन बसतात. खिडकीखाली पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत अडकलेल्या असतात. सर हॉर्नसाठी आवाज चढवत नाहीत. ज्याला कायदा हवा असेल तो पुढच्या बाकावर येईल, असं त्यांचं मत आहे.

सर उंच, सडपातळ, सत्तरी ओलांडलेले. चाळीसेक वर्षं त्यांनी खरेदीखतं, गहाणखतं आणि दानपत्रं लिहिली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. तुंगार्लीत तळ्याच्या बाजूला घर आहे. दुसऱ्याला देण्याची त्यांना हौस आहे. पुस्तकं देतात, छत्री देतात, एकदा तर शिंद्यांना पावसात स्वतःचा रेनकोट देऊन भिजत गेले. मात्र ते स्वतः कोणाकडून काही घेत नाहीत. दिवाळीत आम्ही लाडू नेले तर हात मागे. चहाला गेलो तर त्यांचा चहा त्यांच्याच पैशाचा. डबा खातात तेही मधल्या सुट्टीत, वर्गाचं दार लोटून, एकटे. मी ज्या घरात वाढले तिथे वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं यायची, त्यामुळे असा माणूस दिसला की त्याच्या जातीचा विचार माझ्या मनात आधी येतो. सरांच्या बाबतीतही आला. मी तो बोलून दाखवला नाही.

पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं होतं, “जमीन कोणाची?” मी उत्साहाने म्हणाले, “कसणाऱ्याची.” सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “साक्षीदार कोण?”

त्यांचा आवडता प्रश्न मात्र दुसराच आहे: “मध्ये कोण आहे?” खरेदीखतात जागेची चतुःसीमा लिहितात. पूर्वेला ओढा, पश्चिमेला वाट, उत्तरेला अमक्याचं शेत, दक्षिणेला तमक्याचं. सगळे वकील या चार बाजू डोळ्यांत तेल घालून तपासतात. सर म्हणतात, चारी बाजू झाल्या, आता मध्ये कोण आहे ते सांगा. शिंद्यांनी तळेगावला फ्लॅट बुक केल्याचे पेढे आणले, तेव्हा पेढा न घेता सरांनी हाच प्रश्न विचारला. तिथे अजून नुसता खड्डा होता. “मग खड्ड्यात कोण आहे ते बघून या,” सर म्हणाले.

हे शिंदे म्हणजे आमच्या वर्गातले सगळ्यात हुशार वकील. एका बिल्डरचं काम बघतात. त्यांची भाषा इतकी सफाईदार आहे, की त्यांनी लिहिलेली नोटीस वाचून माणसाला आपलीच चूक वाटू लागते.

दर वर्षी सर वर्गाला एका प्रात्यक्षिकासाठी कुरवंड्याला नेतात. आम्हालाही नेलं. गावठाणातल्या एका जागेच्या जुन्या खरेदीखताची प्रत हातात दिली आणि म्हणाले, “तुमचा पक्षकार ही जागा विकत घेतोय. बघा आणि अहवाल लिहा.” समोर नागफणीचा सुळका, वारा असा की कागद हातात राहीना. आम्ही ओढा शोधला, वाट शोधली, शेजाऱ्यांची नावं विचारली. ऊन चढलं. जागेत एक कुडाचं घर होतं. तिथल्या म्हाताऱ्या मावशींनी आम्हाला बोलावून पाणी दिलं. त्यांच्या पडवीत बसूनच आम्ही अहवाल लिहिले.

शिंद्यांचा अहवाल सरांनी मोठ्याने वाचला. “सदर जागा मोकळी व निर्वेध असून...” इथे ते थांबले. “शिंदे, पाणी कोणाच्या घरचं प्यायलात?”

“या मावशींच्या.”

“मावशी कुठे राहतात?”

“इथेच.”

“मग मोकळं काय आहे?”

बाकीच्यांनी आपापले कागद हळूच घडी करून खिशात घातले, कारण मावशी कोणाच्याच अहवालात नव्हत्या. माझ्याही नाही. मी पत्रकांच्या घरची, पण मीसुद्धा ओढाच मोजत बसले होते.

“वाईट वाटून घेऊ नका,” सर म्हणाले. “माझ्या वडिलांनीही हेच केलं. तेही वकील होते. हवा चांगली म्हणून पुण्यात बसून ही जागा घेतली. चारी बाजू तपासल्या. कागदात मध्ये कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी धरलं की जागेतही नसेल. इथे या भागूबाईंच्या सासऱ्यांचं घर तेव्हाही होतं.”

म्हणजे ती जागा सरांचीच होती. कागदावर.

परतीच्या वाटेवर त्यांनी बाकीचं सांगितलं. त्यांच्यामागे वारस एकच, पुण्यातला पुतण्या. त्याला तिथे नागफणी दिसणारं रिसॉर्ट दिसतं. सरांच्या हृदयाच्या नळीत गेल्या वर्षी स्प्रिंग बसवली आहे. मृत्युपत्र केलं तर पुतण्या त्याला आव्हान देईल. भागूबाईंचा ताबा कोर्टात टिकेलही, पण तो टिकेपर्यंत त्यांनी या वयात डोंगर उतरून किती हेलपाटे घालायचे? म्हणून सरांना आपल्या हयातीत दानपत्र करायचं होतं. आणि भागूबाई ते घेत नव्हत्या. दर वर्षी सर कागद नेत, दर वर्षी तो तसाच परत येत असे.

“त्या तिथे न बोलता राहतायत, तोच स्वीकार, असं म्हणता येईल ना सर?” शिंद्यांनी विचारलं.

“म्हणता येईल. एखादं कोर्ट मानेल, एखादं नाही मानणार. भागूबाईंच्या घरावर मला प्रयोग करायचा नाही.”

त्या वर्षीचं दानपत्र आम्ही वर्गात लिहिलं. सरांनी ते तीनदा फाडलं. चौथ्यावर काही बोलले नाहीत, याचा अर्थ बरं होतं. पुढच्या रविवारी सर, शिंदे आणि मी, आम्ही दोघं साक्षीदार म्हणून, शिंद्यांच्या गाडीतून कुरवंड्याला गेलो.

भागूबाई दारात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही.

“आलं का भाऊ? माजंच घर मला द्यायला?”

“तुमचंच आहे,” सर म्हणाले. “मला माहीत आहे. कोर्टाला माहीत नाही.”

“मंग कोर्टाला सांगा जाऊन.”

“तेच सांगायला कागद आणलाय.”

“कागुद तर तुमी दरसाली आनताय.” त्यांनी सूप खाली ठेवलं, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. शिंदे प्यायले, मी प्यायले. सरांनी नेहमीसारखा हात मागे घेतला. “नको. तहान नाही.”

भागूबाई तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या.

“कवाच नसती तुमाला तान. ऐन उनात येता, घामानं भिजलेलं असता, आन् तान न्हाई. च्या न्हाई, भाकर न्हाई. इतकी वर्सं बगतीया मी. आमच्या हातचं चालत न्हाई, तर घर कशाला देताय? मला न्हाई पायजे तसल्या मानसाचं.”

सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते काही बोलायला गेले आणि चक्क अडखळले.

“भागूबाई, तसं नाही. अजिबात तसं नाही. दान म्हणजे बिनमोबदला. तुमच्याकडून मी काही घेतलं, तर उद्या कोणी म्हणेल की मोबदला घेतला. मग ते दान राहत नाही. म्हणून मी पाणीसुद्धा...”

“पान्याचं कोन म्हनंल?”

“वकील म्हणतील.”

भागूबाईंनी शिंद्यांकडे पाहिलं. “तुमी म्हनाल का वो?”

शिंदे गडबडले. मग त्यांच्यातला हुशार वकील जागा झाला. “सर, ही दोन स्वतंत्र दानं आहेत. तुम्ही जागा देताय. मावशी पाणी देतायत. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.”

“अहवाल लिहिताना इतकं डोकं चाललं असतं, तर,” सर पुटपुटले.

“आन् हाच नेम सगळीकडं हाय व्हय?” भागूबाईंनी विचारलं. “समद्यांचंच घेत न्हाई तुमी?”

“समद्यांचंच न्हाई घेत, मावशी,” मी म्हणाले. “आमचे लाडूपन परत येतात.” मला त्यांची बोली नीट येत नाही. त्या गालात हसल्या.

“का वो भाऊ?”

याचं उत्तर कायद्यात नव्हतं. सर पडवीच्या कडेला बसले. “पूर्वी घ्यायचो,” ते म्हणाले. “घरी कोणीतरी असायचं, कोणी काय दिलं ते नेऊन दाखवायला. मग सवय गेली.”

भागूबाई आत गेल्या. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात नाचणीची भाकर होती, वर लसणाची चटणी. त्यांनी ती सरांच्या हातावर ठेवली. पण स्वतःची बोटं काढली नाहीत.

“मागल्या साली ती पोरं आलती, ती सांगत व्हती. चिक्की देताना काय म्हनायला लावता त्यास्नी?”

शिंदे एकदम नागफणीकडे बघू लागले. सरांनी तोंड उघडलं. घसा साफ केला, चष्मा वर सरकवला. आयुष्यभर त्यांनी हा शब्द माणसांकडून काढून घेतला होता, वाण्याच्या पोराकडून, न्यायाधीशांकडून, आमच्याकडून. भाकर दोघांच्या हातांत होती.

“स्वीकारलं,” सर शेवटी म्हणाले. मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आलं.

बोटं सुटली. सरांनी भाकर खाल्ली, वर पाणी मागून प्यायले. मग भागूबाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “कुटं आंगटा लावू?”

सरांनी आधी पूर्ण दानपत्र वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. मग विचारलं, “मान्य आहे? स्वीकारलं म्हणा.”

“घेतलं,” भागूबाई म्हणाल्या.

मी सरांकडे पाहिलं. ‘थँक्यू’ म्हटल्यावर चिक्की परत घेणारा माणूस शाईचा पॅड पुढे सरकवत होता. अंगठा उठला, सरांची सही झाली, आम्ही साक्षीदार म्हणून सह्या केल्या. त्याच आठवड्यात वडगावला जाऊन नोंदणीही झाली.

त्या रविवारी कुरवंड्याहून निघताना भागूबाईंनी फडक्यात आणखी एक भाकर बांधून दिली. तुंगार्लीत सरांच्या फाटकाशी आम्ही गाडी थांबवली. सर उतरले, फाटकाला हात लावून उभे राहिले, मग परत येऊन काचेवर टकटक केली.

“चहा घेणार का?”

वर्ग सुरू झाल्यापासून कोणीही त्यांच्या घरात गेलं नव्हतं. आम्ही गेलो. पूर्वेला तळं, पश्चिमेला रस्ता, दोन्ही बाजूंना बंद बंगले, पाहुणे फक्त सुट्टीत येणारे. जेवणाच्या टेबलाभोवती खुर्च्या होत्या आणि एक सोडून सगळ्यांवर पुस्तकं रचलेली होती. ती हलवायला शिंदे पुढे झाले. “राहू द्या,” सर म्हणाले आणि एकेका खुर्चीवरची पुस्तकं उचलून भिंतीशी ठेवत राहिले. बराच वेळ लागला.

चहा पातळ होता. सरांनी फडकं सोडलं, भाकरीचे तुकडे केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मी सवयीने ‘स्वीकारलं’ म्हणायला तोंड उघडलं. पण बोटं आधीच सुटली होती.