लोहकरे सरांची अंडी

आमचा पोळ्या गरम ठेवायचा कॅसरोल लोहकरे सरांनी माशांच्या अंड्यांसाठी नेला, तो परत आलाच नाही. मागायला गेलो की एकच उत्तर: "थंडी लागंल त्यांना, राव." आम्ही गार पोळ्या खाव्यात याला मात्र त्यांची हरकत नव्हती.

सर जुन्नरला आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि राहायचे आमच्या शेजारी. मूळचे तळेघरचे. घरभर बरण्या, बरण्यांत बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे. ते उजाडताना अंडी घालतात म्हणून पहाटे आम्ही व्हरांड्यातला दिवा लावायचा नाही. भारनियमनात वीज गेली की बरण्यांवर गोधडी पडायची, तीही आमचीच.

प्रयोग कॅन्सरच्या औषधाचा. अंड्यांच्या ज्या बशीत औषध, तिथली पिल्लं अंड्यातच वाकडी व्हायची, नाहीतर वाढायचीच थांबायची. एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं बशा धुऊन टाकल्या असत्या. सर त्या दिवशी जेवले नाहीत. मग नवीनच खूळ काढलं: औषध मादीला द्यायचं, ते थांबवून तिला भरपूर दिवस विश्रांती द्यायची, आणि मग तिची अंडी बघायची.

"बाळंतपणाला आलेल्या लेकीसारखं जपताय की," मी वैतागून म्हणालो. सर पाठ फिरवून बरणीवरची गोधडी सारखी करू लागले.

एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर कॉलेजचा सूक्ष्मदर्शक आला. "तुमच्याकडं उजेड चांगलाय," एवढंच कारण. माझं ताट जमिनीवर गेलं. पाठोपाठ कॅसरोल आला, आणि सरांची धाकटी बहीण मंदा. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता, औषधं संपून बराच काळ झाला होता, हे मला तेव्हा कळलं. तिला मूल हवं होतं. डॉक्टर म्हणत होते, मूल होईल. सासरी मात्र सगळे म्हणायचे, असल्या औषधानंतर पोर धड निपजत नाही, आणि तिलाही तेच खरं वाटत होतं.

मंदानं वाकून नळीला डोळा लावला.

"कायतरी धडधडतंय, दादा."

"काळीज हाय त्याचं. त्याच्या आईनं तुझंच औषध घेतल्यालं."

"शेपूट?"

"सरळ हाय. मासा हाय गं, हमी नाय देत मी. डॉक्टर म्हणतोय ते एकदा ऐक, येवढंच."

ती डोळा काढेना. सर कॅसरोलचं झाकण छातीशी धरून उभे होते. मला भरून आलं, आणि जेवण गार होत असताना भरून यावं याचाही रागच आला.

शेवटी मंदानं डोळे पुसले. नळीखालची बशी अलगद उचलून कॅसरोलमध्ये ठेवली आणि हात पुढं केला.

"झाकण द्या, दादा. थंडी लागंल त्याला."