वकीलसाहेबांनी लावलेलं लग्न

"येत्या आठ दिवसांत लग्न हा शब्द माझ्या कानावर पडता कामा नये!" अशी गर्जना करून मोरोपंत वकिलांनी बॅगेची चेन ओढली. चेनमध्ये त्यांच्याच धोतराचं टोक अडकलं, पण गर्जनेत काही फरक पडला नाही.

अमरावतीत मोरोपंतांना कोण ओळखत नाही? घटस्फोटाचे वकील! तीस वर्षं नवरा-बायकोची भांडणं ऐकून त्यांचा कान इतका तयार झाला होता, की मांडवात जेवता जेवता ते शेजारच्याला सांगायचे, "हे जोडपं दीड वर्षात माझ्याकडे येतं, लिहून घ्या!" त्यामुळे लोक त्यांना पत्रिका द्यायचे, पण कार्यालयाचा पत्ता नीट सांगायचे नाहीत.

मे महिना होता. अमरावतीत ऊन असं, की ऑटोत बसलेला माणूस सीटला चटका बसून पुन्हा उभा राहायचा. कोर्टाला सुट्टी लागली होती. लेक अबोली पुण्याला नोकरीत. तिने आईबाबांसाठी अंदमानातल्या एका लहानशा बेटावरचा मुक्काम ठरवून दिला. हॉटेल नाही! तिथल्याच एका कुटुंबाच्या घरात खोली, त्यांच्याच सैपाकघरातलं जेवण आणि अंगण संपलं की समुद्र.

निघता निघता फोन वाजला. हिवरखेडचे नत्थुजी! साठी उलटल्यावर बायकोपासून फारकत मागणारे, मोरोपंतांचे सगळ्यात चिवट अशील.

"वकीलसायेब, माही तारीख कावून पुढं गेली जी?"

"नत्थुजी, कोर्ट बंद आहे. जज सुट्टीवर, मी सुट्टीवर. तुम्हीही घ्या थोडी सुट्टी!"

"मी कशी घेऊ जी? कौशल्या तं घरातच बसून हाये!"

विमान झालं, बोट झाली, शैलाबाईंना दोनदा मळमळून झालं आणि दोघं एकदाचे बेटावर उतरले. घरमालक ललित मंडल धक्क्यावर न्यायला आला होता. त्याचे आजोबा बंगालमधून इथे येऊन वसलेले. त्याची प्रवासी फिरवायची नवी कोरी होडी होती, सुपारीची बाग होती, आणि चेहरा असा, की अनोळखी माणसालाही वाटावं, आपण याच्याकडे मागच्या वर्षीही आलो होतो.

घर टुमदार होतं. पण अंगणात पाऊल टाकलं आणि मोरोपंत थबकले. अंगणात बांबूचा मांडव!

"ये क्या है?"

"चार दिन बाद बेटी की शादी है, दादा!" ललित हात जोडून म्हणाला. "आप भी घर के ही लोग हैं!"

धक्क्यावर ललितने हातात दिलेलं शहाळं मोरोपंतांच्या धोतरावर सांडलं. तेवढ्यात ललितची बायको साधना बाहेर आली आणि तिने शैलाबाईंना कौतुकाने विचारलं, "दीदी, दादा क्या काम करते हैं?"

शैलाबाई अकोल्याच्या. बोलायला कधी न अडणाऱ्या. पण त्या क्षणी अडल्या. मांडवाकडे पाहिलं, हळद दळायला बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये शादी-ब्याह का काम देखते हैं."

खोलीत गेल्यावर मोरोपंत कडाडले, "काहून असं सांगितलं?"

"मग काय सांगू? इथे हळद दळून राहिल्या बाया, आणि मी सांगू, की हे घटस्फोट करून देतात? अन् खोटं कुठे बोलली मी? लग्नाचंच काम पाहता नं तुम्ही! फक्त दुसऱ्या टोकाने!"

वकीलसाहेब खटला हरले. हे घरात नेहमीच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरोपंत समुद्रात डुंबून आले, स्वच्छ धोतर नेसले आणि ओसरीवर बसून अथर्वशीर्ष म्हणू लागले. तीस वर्षं कोर्टात कमावलेला आवाज तो! सुपारीवरचे पक्षी उडाले. डोळे उघडून बघतात तर समोर ललित, साधना, त्यांची लेक रश्मी आणि शेजारची दोन घरं हात जोडून उभी!

"आप तो ठाकुरमोशाय निकले!" ललित गहिवरला. ठाकुरमोशाय म्हणजे त्यांच्याकडचे भटजी.

इथेच मोरोपंतांनी सांगून टाकायला हवं होतं. पण कोर्टात रोज "अहो वकीलसाहेब, थांबा जरा" एवढंच ऐकायची सवय असलेल्या माणसाला एकदम इतके हात जोडलेले दिसले. माणूस विरघळणार नाही तर काय! ललितने नव्या होडीची पूजा करायची विनंती केली. मोरोपंत म्हणाले, "त्यात काय!" नारळ फोडला, होडीच्या नाकाला कुंकू लावलं. मग शेजाऱ्याची होडी झाली. मग त्याच्या भावाची. मग कुणाचं तरी इंजिन, कुणाचा तरी फ्रीज, आणि एका आजीबाईंचा दुखरा गुडघा!

बाकी दिवस मोठे मजेत चालले होते. सकाळी म्हशीसारखं पाण्यात बसायचं, दुपारी साधनाच्या हातचा भात आणि केळफुलाची भाजी हाणायची, संध्याकाळी शैलाबाईंनी सोबत आणलेल्या ठेच्याची चव साधनाला द्यायची आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, की दोघींनी पोट धरून हसायचं. इतकं निवांत मोरोपंतांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी वारा सुटला. समुद्र असा उसळायला लागला, की बोटी बंद! नवरदेव शुभंकर आणि त्याची मंडळी शेजारच्या बेटावरून आदल्याच दिवशी येऊन पोचली होती. पण खरे ठाकुरमोशाय मोठ्या बंदरावर अडकले. मुहूर्त संध्याकाळचा. शुभंकरला व्यापारी जहाजावर नोकरी लागलेली, तीन दिवसांनी निघायचं, ते थेट सहा महिन्यांनी परत!

सगळं घर वळून मोरोपंतांकडे पाहू लागलं.

मोरोपंतांनी ललितला बाजूला, सुपारीच्या झाडामागे नेलं आणि आपल्या हिंदीत सांगून टाकलं, "ललितबाबू, मी भटजी नाही हो! मी वकील आहे. मी लग्नं मोडतो!"

ललितने समुद्राकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाला, "दादा, मी आधी इंजिन खोलायला शिकलो. रोज खोलत होतो. जोडायचं कसं, ते आपोआप कळलं. तुम्ही इतकी खोललीत. एक जोडून टाका!"

"पण..."

तेवढ्यात रश्मी तिथे आली. अंगाला हळद, हातात शंखाच्या बांगड्या. ती एवढंच म्हणाली, "काका, लग्न आज नाही झालं, तर मी सहा महिने काय करू?"

मोरोपंतांनी धोतराचा काचा घट्ट केला. "शैला!" ते ओरडले. "मंगलाष्टकं आठवतात का तुला?"

"मला सगळं आठवतं. आपल्या लग्नात तुम्ही हार उलटा घातला होता, तेही आठवतं!"

नवरदेवाचे वडील मात्र उंच, मिशाळ आणि संशयी होते. त्यांनी मोरोपंतांना खुर्चीवर बसवलं आणि उलटतपासणीच सुरू केली. जन्मभर दुसऱ्यांची उलटतपासणी घेणारे मोरोपंत घामाने भिजले.

"लग्नाच्या कामात किती वर्षं आहात?"

"तीस."

"किती लग्नं हाताखालून गेली?"

"हजारेक तरी," मोरोपंत म्हणाले. शब्दन् शब्द खरा!

"आणि ती जोडपी सुखात आहेत?"

"माझ्याकडून गेल्यावर बहुतेक सगळी सुखात आहेत!" हेही खरंच होतं.

तेवढ्यात फोन वाजला. घाबरून मोरोपंतांचं बोट भलत्याच ठिकाणी पडलं आणि नत्थुजींचा आवाज साऱ्या मांडवात घुमला, "सायेब! माही तारीख काढली का नाई? तुमी तारीख देल्याशिवाय आमचं काईच हालत नाई जी!"

मोरोपंतांनी फोन बंद केला. संशयी वडिलांच्या मिशा हळूहळू वर गेल्या. त्यांना त्या बोलण्यातला एकच शब्द कळला होता. "तारीख!" ते आदराने म्हणाले. "इतक्या लांबून लोक तुमच्याकडून तारीख मागतात!" आणि वाकून त्यांनी मोरोपंतांचे पाय धरले.

मग मुलाकडची ताटं आली. एकेका ताटात साड्या, मिठाई, आणि एका मोठ्या परातीत लाल साडी नेसवलेलं, नाकात नथ घातलेलं काहीतरी आडवं निजलेलं. मोरोपंतांचा चष्मा घामाने धुरकटला होता. देवीची मूर्ती असावी म्हणून त्यांनी भक्तिभावाने अक्षता टाकल्या आणि खणखणीत आशीर्वाद दिला, "अखंड सौभाग्यवती भव!"

"अहो," शैलाबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, "मासा आहे तो!"

खरंच! भलाथोरला रोहू! त्यांच्यात मुलाकडून असा नटवलेला मासा पाठवायची रीत. शाकाहारी मोरोपंत दोन हात मागे उडाले. पण तोवर मांडवात आनंदाची लाट उसळली होती. माशालासुद्धा आशीर्वाद देणारे ठाकुरमोशाय कुणी पाहिले नव्हते! बिचाऱ्या माशाचं सौभाग्य तासाभरात रश्श्यात गेलं, ही गोष्ट वेगळी.

सूर्य कलला. शुभंकर पांढराशुभ्र उंच मुकुट घालून उभा राहिला. रश्मीला भावांनी पाटावर बसवून उचलून आणलं, तोंडासमोर विड्याची दोन पानं धरून. अंतरपाट कुणाला माहीतच नव्हता, म्हणून शैलाबाईंनी स्वतःची शाल धरायला लावली. त्या मोरोपंतांच्या मागे उभ्या राहून ओळ सांगायच्या आणि मोरोपंत ती गर्जून म्हणायचे. पहिलं "सावधान" झालं आणि बायकांनी जिभा हलवून असा काही किलकिलाट केला, की मोरोपंत किंचाळले, "साप! साप निघाला का?"

"तसं नाही हो! आनंदाचा आवाज आहे तो. पुढची ओळ म्हणा!"

आता सप्तपदी. इथे मात्र मोरोपंतांच्या अंगात बळ आलं. सातवं पाऊल पडलं, की लग्न कायद्याने पक्कं, हे कलम त्यांना झोपेतही पाठ होतं! पहिली दोन पावलं संस्कृतात झाली. तिसऱ्याला शैलाबाईंचंही संस्कृत संपलं. मागून नुसताच आवाज आला, "आता तुमचं तुम्ही बघा!"

मोरोपंतांनी डोळे मिटले. समोर तीस वर्षांची भांडणं उभी राहिली. त्यांनी घसा खाकरला आणि आपल्या अमरावतीच्या हिंदीत सुरुवात केली.

"तिसरं पाऊल! ओला टॉवेल गादीवर टाकणार नाही. म्हण बेटा!"

शुभंकर गोंधळला, पण म्हणाला.

"चौथं पाऊल! रागावलीस तर 'काही नाही झालं' म्हणून तोंड फिरवून बसणार नाहीस. काय झालं ते सांगशील."

रश्मीने मान हलवली. बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या.

"पाचवं! एकाच्या आईची तुलना दुसऱ्याच्या आईशी करायची नाही. सैपाकात तर मुळीच नाही! सहावं! भांडण झालं, तर माहेरी आणि मित्रांना फोन करायच्या आधी एकमेकांना चहा विचारायचा."

मांडवात आता कुणी हसत नव्हतं. संशयी वडील बायकोकडे बघत होते. बायको ओल्या टॉवेलचा विचार करत असावी. लाटांचा आवाज येत होता. मोरोपंतांचा आवाज एकदम खाली आला.

"सातवं पाऊल. शुभंकर, तू सहा महिने समुद्रावर असशील. माझ्याकडे जे येतात नं, ते एका घरात राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोललेले नसतात. तुम्ही दूर राहून बोला. रोज बोला. काही सांगण्यासारखं घडलं नाही, तर तेच सांगा."

सातवं पाऊल पडलं. शंख वाजले, किलकिलाट झाला, शुभंकरने रश्मीच्या भांगात शेंदूर भरला. ललित मोरोपंतांच्या गळ्यात पडून रडला. मोरोपंतांचा चष्मा पुन्हा धुरकटला. या वेळी घामाने नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोरून एक जोडपं एकाच दारातून बाहेर जात होतं.

अमरावतीला परतल्यावर मोरोपंत सुटलेच. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना, वकिलांच्या बार रूममध्ये, ऑटोवाल्याला, सगळ्यांना एकच कथा. "अहो, आख्खं बेट रडलं! आपल्या वाणीत ताकद आहे, हे मलाच आजवर कळलं नव्हतं!" प्रत्येक वेळी रडणाऱ्यांची संख्या वाढायची. शैलाबाई ऐकायच्या आणि भाजी निवडायच्या.

रविवारी अबोलीचा फोन आला. "बाबा, त्या ललितकाकांनी बुकिंगच्या साइटवर तुमच्याबद्दल अभिप्राय टाकलाय. इंग्रजीत आहे. वाचू?"

"वाच, वाच! थांब, स्पीकर लावतो. शैला, इकडे ये! बस इथे!"

मोरोपंत खुर्चीत ताठ झाले. अबोली एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली, "फार चांगले पाहुणे. खोली स्वच्छ ठेवली. आमच्या मुलीचं लग्न दीदींनी फार सुंदर लावलं. सगळे विधी त्यांना तोंडपाठ आहेत."

"पुढे?" मोरोपंत म्हणाले.

"सोबत त्यांचे मिस्टर होते. तेही जे सांगितलं ते मोठ्याने म्हणत होते."

शैलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

"ह्यॅ!" मोरोपंत चष्मा पुसत म्हणाले. "त्या ललितचं इंग्रजीच कच्चं आहे!"